बॉनेटखाली गेलेली लाइन

गाडी शिकवणाऱ्याच्या वाट्याला गाडी अर्धीच येते. स्टेअरिंग, गिअर, ॲक्सिलरेटर, हॉर्न हे सगळं शिकणाऱ्याकडे. माझ्याकडे, डावीकडच्या सीटच्या पायाशी, फक्त एक जास्तीचा क्लच आणि एक जास्तीचा ब्रेक. म्हणजे गाडीनं कुठे जावं हे मला ठरवता येत नाही, कुठे जाऊ नये एवढंच ठरवता येतं. इतकी वर्षं हे काम करून माझा स्वभावही तसाच झालाय, असं घरचे म्हणतात. कुणाच्याही गाडीत बसले की माझा पाय आपोआप खालची चटई दाबायला लागतो. एकदा जावई गाडी चालवत होते तेव्हा मुलगी मागून म्हणाली, "मम्मी, वहाँ ब्रेक नहीं है." मी म्हटलं, "माहीत आहे गं, म्हणून तर भीती वाटते."

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला लिहायला सांगितलं, तेव्हा वाटलं होतं की लोकांना अपघात आणि थोडक्यात वाचलेले प्रसंग हवे असतील. पण अंकाचं काम बघणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "ते नको. सिग्नलच्या कॅमेऱ्यांवर लिहा. सगळे तेच बोलतात हल्ली." खरंच आहे ते. भिलाईत दोन माणसं भेटली की पूर्वी मुलांच्या नोकऱ्यांवर बोलायची, आता "तुझा चालान आला का" असं विचारतात.

आधी माझ्या विद्यार्थ्यांविषयी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुसऱ्या शहरांत गाडी शिकायला कॉलेजची पोरं येतात. माझ्याकडे तीही येतात, पण माझे खास विद्यार्थी म्हणजे इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले काका लोक. जन्मभर सायकल, नंतर स्कूटर. रिटायर झाल्यावर बाहेरगावी नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी गाडी घेऊन देते आणि ती पोर्चमध्ये उभी राहते. मग काका चार दिवस गाडीभोवती फिरतात, रोज पुसतात आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे येतात. एका बाईकडून गाडी शिकायची म्हणून पहिले काही दिवस जरा अवघडलेले असतात. गाडी चढावर मागे घसरायला लागली आणि मी माझा ब्रेक दाबला की हे अवघडलेपण जातं.

हे काका लोक आपापलं डिपार्टमेंट सोबत घेऊन येतात. भट्टीवर काम केलेला माणूस पुढच्या गाडीपासून इतका लांब राहतो की मध्ये दोन रिक्षा घुसतात. त्याच्या अंगात अजून भट्टीची धग असते. दफ्तरात आयुष्य गेलेल्या एका साहेबांना प्रत्येक गिअर का बदलायचा याचं कारण लागायचं आणि कारण पटेपर्यंत ते गाडी तिसऱ्यावर नेत नसत. मी कुणाला हसत नाही. माणूस जे चाळीस वर्षं करतो ते त्याच्या हातापायांत जाऊन बसतं. ते काढून टाकता येत नाही, त्याच्या शेजारी गाडीसाठी थोडी जागा करावी लागते. माझा सगळा धंदा म्हणजे ही जागा करणं.

आता कॅमेऱ्यांकडे येते. कॅमेरे यायच्या आधी आमच्याकडे लाल दिवा हा सल्ला होता. चौकात शिपाई उभा असेल तर थांबायचं, तो चहाला गेला असेल तर दोन्हीकडे बघून निघायचं. मी शिकणाऱ्यांना थांबायला लावायचे तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि शिकणारा बिचारा माझ्याकडे अपराध्यासारखा बघायचा. जणू थांबलो हीच चूक झाली. रस्त्यावरच्या पांढऱ्या लाइनीचं तर बोलायलाच नको. ती कधीतरी काढलेली असायची आणि कधीच पुसलेली असायची.

मग खांबांवर कॅमेरे आले, रस्त्यावर नव्या जाड पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि लोकांच्या मोबाइलवर फोटोसकट दंडाचे चालान येऊ लागले. पहिल्या महिन्यात तर अफवांना ऊत आला होता. माझी गाडी उभी राहते त्या कोपऱ्यावर एक चहाची टपरी आहे. तिथे बसून मी इतकी मतं ऐकली की कॅमेरा बनवणाऱ्यालाही नवी माहिती मिळाली असती. कुणी म्हणे, दुपारी ऊन तापलं की कॅमेरा बंद पडतो. कुणी म्हणे, डब्यात कॅमेरा नाहीच, नुसता डबा आहे. एक साडीवाले शेठ कॅमेरा चुकवायला रोज सगळ्या गल्ल्या फिरून दुकानात जायचे आणि वर सांगायचे, "आपुन को कोई नहीं पकड़ सकता." त्यांनी जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं तर सिग्नलवर थांबलं की केस सारखे करायची सवय लावून घेतली. म्हणायची, "फोटो आनाच है तो अच्छा आए." मी तिला समजावलं की नियम पाळला तर फोटो येतच नाही. ती जरा हिरमुसली.

जवळच्या उतई गावचे एक बियाणंवाले साहू होते. शेतीचं सामान विकणारा साधा, गोड माणूस. नवी गाडी घेऊन माझ्याकडे शिकायला यायचे. कॅमेऱ्याची त्यांना इतकी धास्ती की लाल दिवा दिसला की ते लाइनीपासून इतक्या मागे थांबायचे की पुढे तीन ऑटो आरामात उभे राहायचे. मी म्हटलं, "भैया, थोडा आगे." ते स्टेअरिंग घट्ट धरून म्हणाले, "नइ मैडम, थोकिन पाछूच रहन दे, कैमरा देखत हे." म्हणजे थोडं मागेच राहू द्या, कॅमेरा बघतोय. मग हिरवा झाला. साहू हलेनात. मी विचारलं, आता काय? तर म्हणाले, "अभी हरा है, बीच में लाल हो गया तो?" मागे हॉर्नांचा नुसता बँड वाजत होता. पुढचा लाल येईपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि तो आल्यावर साहूंचा चेहरा खुलला. जणू म्हणत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं? आज हेच साहू रायपूरपर्यंत एकटे गाडी घेऊन जातात. लाइनीपासून मात्र अजूनही लांबच थांबतात.

पण मला खरं सांगायचंय ते गजभिये काकांचं. साहूंना लाइनीची भीती होती. काकांचं लाइनीवर प्रेम होतं, आणि भानगड तिथेच झाली.

गजभिये काका प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली, दोन्ही बाजूंच्या रुळांवरून अख्ख्या शेडभर फिरणारी मोठी क्रेन असते. तिच्या पोटाशी एक केबिन लोंबकळत असते. ऑपरेटर त्या केबिनमध्ये बसतो आणि थेट पायाखाली बघत काम करतो. खाली जमिनीवर पिवळ्या लाइनी आखलेल्या असतात. भल्यामोठ्या पोलादाच्या प्लेटा त्या लाइनीत उतरवायच्या. काकांचं नाव होतं. त्यांनी उतरवलेली प्लेट पुन्हा सरकवावी लागत नसे, असं त्यांच्या खात्यातली माणसं मला आपणहून सांगायची. भंडाऱ्याकडून कोवळ्या वयात इकडे आलेला माणूस, पण वागणं असं की प्लांट यांनीच उभारला.

सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. रिटायर झाल्यावर हुडको कॉलनीत घर घेतलं. लेक प्रज्ञा पुण्यात नोकरीला. बाबा रिटायर झाले तेव्हा तिनंच गाडी घेऊन दिली. शोरूममध्ये मोबाइल नंबर लिहायची वेळ आली, तेव्हा काकांनी तिचाच नंबर दिला. स्वतःच्या फोनवर ते फक्त फोन घेत, तोही मनात असेल तर. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

गाडी कशाला हवी होती, तर शकुनकाकूंसाठी. काकूंचे गुडघे गेलेले. स्कूटरवर मागे बसणं बंद झालेलं. आणि दर रविवारी त्यांना सेक्टर ६ कडच्या विहारात जायचं असे. तिथे बायकांची वंदना काकू सांगत. नव्या सुनांना, लहान मुलींना पाली ओळी त्याच पाठ करून देत. हुडकोत राहायला आल्यावर गुडघ्यांमुळे दोन-तीन रविवार चुकले, तेव्हा काकू घरात कुणाशी बोलल्या नाहीत. काकांनी मला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "मले गाडीचा शौक नाही, मॅडम. हिले रविवारी नेऊन आणता आलं पाह्यजे, बस."

शिकायला ते उत्तम होते. फक्त गाडी हलवण्याआधी दोनदा हॉर्न वाजवायचे. पोर्चमध्ये, रिकाम्या मैदानात, कुठेही. क्रेन हलवण्याआधी घंटी द्यायची असा नियम. "खाली कोण उभं आहे कोणाले माहीत?" मी म्हटलं, काका, गाडीच्या खाली कुणी नसतं. ते म्हणाले, "मांजर तं असते." परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झाले. हुडकोत रविवारी सकाळी दोन हॉर्न वाजले की शेजारच्यांना कळायचं, निघाले वंदनेला.

असं छान चाललेलं असताना कॅमेरे लागले आणि थोड्याच दिवसांत मला पुण्याहून फोन आला.

"मॅडम, मी प्रज्ञा. गजभियेंची. बाबांना तुम्हीच शिकवलं ना?"

आवाजावरून कळलं, कौतुकाचा फोन नाही.

"त्याईचे चालान माझ्या फोनवर येऊन राहिले. एक आला, मला वाटलं चुकून असेल. मग दुसरा. मग परत. सब स्टॉप लाइन वाले. मैं मीटिंग में रहती हूँ और फोन बजता है, मग मले तेच दिसते, बाबांची गाडी लाइनच्या पुढे." मग आवाज खाली आला. "मॅडम, मले पैशाचं काही नाही. मले वाटते त्याईले आता दिसत नाही नीट. किंवा समजत नाही. मी सांगितलं दोघांना, आता एक जरी चालान आला ना, तर गाडी विकायची आणि तुम्ही दोघं पुण्याला यायचं. इथे माझ्यासमोर तरी राहाल."

तिनं फोटो पाठवले. खरंच होतं. प्रत्येक फोटोत पुढची चाकं लाइन ओलांडून पार पलीकडे, गाडी मात्र उभी. सिग्नल तोडलेला एकाही फोटोत नव्हता. मला वाईट वाटलंच, शिवाय थोडा रागही आला. माझा विद्यार्थी, पहिल्या झटक्यात पास झालेला, आणि त्याला लाइन दिसत नाही?

मी हुडकोत गेले. काका पोर्चमध्ये गाडी पुसत होते, पण हात चालत नव्हता. काकू दाराशी खुर्चीवर. मला बघून म्हणाल्या, "सांगितलं ना तिनं तुमाले? पुण्याले बोलावून राहिली. चांगली आहे जी पोरगी, मायेनंच म्हणते. पण तिथं मी काय करू? तिथं मले कोण ओळखते? इथं मी नाही गेली तं पोरी वंदना चुकवतात." एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. गुडघा धरत, भिंतीला हात लावत.

मला वाटलं होतं काका कॅमेऱ्याला शिव्या घालतील, जसं सगळं गाव घालत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. म्हणाले, "मॅडम, कॅमेरा वरून पाहते. मी पण जिंदगीभर वरूनच पाहिलं. वरून पाहणारा खोटं नाही सांगत. पण मी बी लाइनवरच थांबतो. बरोबर लाइनवर. मंग कोण चुकून राहिलं, तेच मले समजून नाही राहिलं."

मी म्हटलं, चला, मला दाखवा.

दोन हॉर्न, मग पहिला गिअर. मी शेजारच्या सीटवर. ही त्यांची स्वतःची गाडी, माझ्या पायाशी ब्रेक नाही, चटई तेवढी आहे. काकू नेहमीसारख्या मागच्या सीटवर, पाय लांब करून. सेक्टर ६ च्या वाटेवरचा चौक आला. लाल. काकांनी वेग छान कमी केला. लाइन जवळ आली, बॉनेटखाली गेली आणि दिसेनाशी झाली. इथे थांबायला हवं होतं. काका थांबले नाहीत. उजव्या खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघत त्यांनी गाडी हळूहळू, मोठ्या नजाकतीनं पुढे घेतली आणि मग थांबवली.

"काका, पुढे आलात!"

"कुठं पुढे?" असं म्हणून काकांनी भर चौकात आपलं दार उघडलं. "पाहा ना जी. तुमीच पाहा."

मी त्यांच्या बाजूला वाकून पाहिलं. पांढरी लाइन बरोबर त्यांच्या सीटखाली होती. थोडी पुढे नाही, थोडी मागे नाही. ओळंबा लावून बघितला असता तरी त्या लाइनीच्या मधोमध पडला असता. आणि गाडीचं अर्धं अंग चौकात.

मी हसायला लागले. मागून रिक्षावाला ओरडत होता, काका दार धरून माझ्याकडे बघत होते आणि मला हसू आवरेना. कारण सगळं लख्ख कळलं होतं. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस लाइन पायाखाली आली की थांबतो. तीच त्याची जागा. केबिनच्या पुढे काही नसतं, असतो तो खाली लोंबणारा लोड. आपण सगळे गाडीवाले लाइन बॉनेटखाली जायला लागली की अंदाजानं थांबतो, म्हणजे जे दिसत नाही त्याच्या भरवशावर. क्रेनवाल्याला हे कसं चालेल? लाइन दिसेनाशी झाली तर ती पुन्हा दिसेपर्यंत त्याला चैन नाही. आणि ती पुन्हा दिसायची ती थेट त्याच्या बुडाखाली.

मी शिकवलं तेव्हा रस्त्यावर लाइनच नव्हती, त्यामुळे ही खोड उघडी पडलीच नाही. मी 'थांबा' म्हणायचे आणि ते थांबायचे. गाडी चालवायला शिकवलं, पण एकट्यानं कुठे थांबायचं ते शिकवायचं राहून गेलं, याची रुखरुख मला अजून आहे.

घरी येऊन मी समजावलं, "काका, तुम्ही आता केबिनमध्ये नाही. बॉनेट म्हणजे तुमचा लोड समजा. लोड लाइनीपुढे जाता कामा नये."

हे त्यांना झटकन पटलं. चेहराच उजळला. पण लगेच म्हणाले, "मंग लोडचा समोरचा कोना मले दिसत नाही. अंदाजपंचे कसं करू? क्रेनवर असं नाही चालत. लोड दिसत नसला की खाली खलासी उभा राहते. तो हात दाखवते. त्याचा पंजा हालते तवर घ्यायचं, मूठ बंद झाली की जागेवर थांबायचं. मंग वरून बडा साहेब जरी ओरडला तरी हालायचं नाही. खलासी म्हणजे खलासी."

"पण इथे खलासी कुठून आणू?" मी म्हटलं.

काकू आतून चहा घेऊन येत होत्या. ट्रे ठेवत म्हणाल्या, "मी आहो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानात चुन्याची पट्टी ओढली. काकूंना मागच्या सीटवरून पुढे आणलं. त्या ठेंगण्या, म्हणून खाली उशी दिली. काका दोन हॉर्न देऊन निघाले. पहिल्या वेळी काकूंनी इतक्या लवकर मूठ दाखवली की पट्टी अजून गल्लीभर दूर होती. काका तरीही थांबले. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, काकू, एवढ्या लवकर नको. त्या म्हणाल्या, "माह्या हातावर हे एवढ्या लवकर थांबतीन, असं मले वाटलंच नव्हतं जी. लग्नापासून पाहून राहिली, कधी थांबले नाही."

काका समोर बघत म्हणाले, "कधी मूठ दाखवली होती तुनं?"

हळूहळू जमलं. काकू पुढे झुकून बॉनेटच्या नाकाकडे बघत, पंजा हलवत राहायच्या, आणि नाक पट्टीला टेकणार तेवढ्यात मूठ गच्च बंद करायच्या. काकांचा पाय त्या मुठीला बांधल्यासारखा ब्रेकवर पडायचा. मी खाली उतरून पाहिलं. नाक पट्टीच्या वीतभर मागे. पुन्हा केलं, पुन्हा वीतभर. माझ्या आयुष्यात मी कितीतरी लोकांना थांबायला शिकवलं, पण असं थांबणं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला माझ्या जास्तीच्या ब्रेकचा थोडा कमीपणाच वाटला.

त्यानंतर सगळं शांत झालं. रविवारी दोन हॉर्न, वंदना, परत. पुण्याहून फोन नाही. दर सोमवारी मला उगाच धाकधूक व्हायची, मग तीही कमी झाली. काकू विहारातल्या बायकांना सांगत सुटल्या होत्या की प्लांटमध्ये भरती निघाली तर मी खलासी म्हणून अर्ज करणार.

आणि एका दुपारी प्रज्ञाचं नाव फोनवर उमटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "आला."

मी गाडी शिकवत होते. माझ्या विद्यार्थिनीला म्हटलं, बाजूला घे. डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं, तर भिंतीला हात लावत आत जाणाऱ्या काकू. "लाइनचा?" एवढंच विचारलं.

"तुम्ही बघाच. पाठवून राहिली."

मी फोटो उघडला. आधी चाकं पाहिली, धंद्याची सवय. चाकं लाइनीच्या मागे होती. बॉनेटचं नाकही वीतभर मागे, मैदानात होतं तसंच. मग हा चालान कशाचा? मी फोटो मोठा केला. काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. काकांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाठ ताठ. ते सिग्नलकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे तर नाहीच. ते काकूंकडे बघत होते, जसं चाळीस वर्षं खालच्या माणसाकडे बघितलं असेल तसं, पूर्ण भरवशानं. आणि काकू? पांढरी साडी, उशीवरून अर्ध्या उठलेल्या, पुढे झुकलेल्या, काचेशी मूठ वर केलेली. चेहऱ्यावर असा भाव की एक गाडीच नव्हे, अख्खा चौक त्यांनीच थांबवलाय. पट्टा मात्र बाजूला लोंबत होता. पुढे झुकता यावं म्हणून सिग्नल आला की त्या पट्टा सोडत होत्या. मैदानात आम्ही पट्ट्याशिवायच सराव केला होता. माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

खाली लिहिलं होतं, सीट बेल्ट न लावणे.

फोनमध्ये आवाज येत होता. मला वाटलं पोरगी रडतेय. नीट ऐकलं तर हसत होती. मी पण हसायला लागले. माझी विद्यार्थिनी स्टेअरिंगवर हात ठेवून, मॅडमला काय झालं, अशी बघत बसली. मग हसता हसता प्रज्ञाचा आवाज फुटला आणि ती खरंच रडायला लागली.

"मॅडम, माझ्याकडे दोघांचा धड फोटो नाही. फोटो काढते म्हटलं की बाबा सलामी दिल्यासारखे उभे राहतात आणि आई पदरात तोंड लपवते. असे एकमेकांकडे पाहताना मी त्याईले कधी पाहिलंच नाही. घरातही नाही." तिनं नाक ओढलं. "मी ऑफिस के बाथरूम में खड़ी हूँ, मॅडम."

जरा वेळानं मी भीत भीत विचारलं, "मग गाडीचं काय करायचं?"

"कावून? गाडीला काय झालं?" ती म्हणाली. "मी बाबांच्या चालानचं बोलली होती. हा तर आईचा आहे."

चालान गाडीमालकाच्याच नावावर निघतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. एरवी मी विद्यार्थ्यांना तो नियम पाठ करून घेते. त्या दिवशी मी गप्प बसले.

संध्याकाळी हुडकोत जाऊन दोघांना फोटो दाखवला. काकांनी चष्मा लावून आधी चाकावर बोट ठेवलं, मग लाइनीवर, आणि "हं" म्हणाले. चेहरे त्यांनी बघितलेच नाहीत. काकूंनी मात्र फोन हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "फोटो काढते तं सांगा म्हणावं ना आधी. साडी तरी नीट केली असती." पट्ट्यावरून मी त्यांना चांगलंच रागावले. आता खाली दोन उशा आहेत, त्यामुळे पट्टा लावूनही बॉनेटचं नाक दिसतं. मूठ चालूच आहे.

प्रज्ञानं तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला आणि पुण्याच्या घरात भिंतीवर लावला. व्हिडिओ कॉलवर काकूंना भिंत दाखवली, तेव्हा मी तिथेच बसले होते. काकू घाबऱ्याच झाल्या. "अवो बाई, जित्या माणसाचा फोटो भितीवर लावते का कोणी! काढ तो पहिले."

"नाही काढत," पलीकडून प्रज्ञा म्हणाली. "तुमी दोघं येत नाही तं नका येऊ, तिथंच राहा. फोटो तं आला ना."

फोन काकांच्या हातात देऊन काकू उठल्या, दाराशी ठेवलेल्या दोन्ही उशा उचलल्या आणि गाडीकडे निघाल्या. रविवार होता.